तिकीट एक, प्रवास दोन

इंग्रजी अमदानीत उत्तर हिंदुस्थानातील रेल्वे स्थानकांवर गाडी येऊन थांबली की ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या उठत. पाणी पाजणारे दोन, मडकी दोन, पेले दोन. रेल्वे एक, रूळ एक आणि जेठ-वैशाखातील तहानही एकच. पण ती भागवण्यासाठी धर्म सांगावा लागे. परक्या सत्तेला ही व्यवस्था सोयीचीच होती. प्रजासत्ताकाने त्या आरोळ्या बंद केल्या, आणि स्वतंत्र देशातील सामान्य माणसाने रेल्वेच्या डब्यात खांद्याला खांदा लावून बसण्याची सवय कोणाच्याही उपदेशावाचून अंगी बाणवली. ही सवय हेच या देशाच्या धर्मनिरपेक्षतेचे सर्वात मोठे, आणि सर्वात कमी गाजलेले, यश आहे. गेल्या दहा वर्षांत हल्ला झाला आहे तो नेमका तिच्यावर.

२८ ऑगस्ट २०२४ रोजी धुळ्याहून मुंबईला निघालेल्या एक्सप्रेसमध्ये जळगाव जिल्ह्यातील सत्तरी ओलांडलेला एक मुसलमान गृहस्थ बसला होता. मुलीला भेटायला तो कल्याणला निघाला होता. सामानात बरण्या होत्या व त्यांत मांस होते. इगतपुरीच्या सुमारास डब्यातील काही तरुणांनी ते गोमांस असल्याचा संशय घेऊन त्याला घेरले, शिव्या दिल्या, थपडा मारल्या आणि या पराक्रमाचे मोबाइलवर चित्रण केले. उतरायचे होते कल्याणला. म्हातारा उतरला ठाण्याला. मारणारे तरुण कोण होते? मुंबईत पोलीस भरतीच्या परीक्षेला निघालेले उमेदवार. उद्या अंगावर खाकी चढवून त्याच प्रवाशाच्या रक्षणाची शपथ घ्यायला ते निघाले होते! रेल्वे पोलिसांनी आरंभी जी कलमे लावली ती जामीनपात्र होती, त्यामुळे आरोपी हां हां म्हणता सुटले. चित्रफीत देशभर फिरली, बोभाटा झाला, तेव्हा कोठे दरोड्याचे आणि धार्मिक भावना दुखावल्याचे कलम वाढवण्यात आले. बोभाटा झाला नसता तर? आणि ज्या मारहाणीचे चित्रण कोणी केलेच नाही तिचे काय? या प्रश्नांची उत्तरे रेल्वेच्या दप्तरात सापडणार नाहीत.

येथे कायद्याची एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ प्रामाणिक माणसांच्याही मनात तिच्याविषयी गोंधळ आहे. महाराष्ट्रातील प्राणिरक्षण कायद्यात २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हशीच्या मांसावर नाही. एवढेच नव्हे, तर राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवणारे त्या कायद्यातील ५-ड हे कलम मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी घटनाबाह्य म्हणून रद्द केले आहे. माणसाने आपल्या घरात, आपल्या ताटात काय खावे हा त्याच्या खाजगी जीवनाचा भाग आहे, अशी त्या निकालामागची भूमिका आहे. तेव्हा सहप्रवाशाची पिशवी उघडून पाहणारा कायद्याचा रखवालदार नसतो. तो गुन्हेगार असतो. पिशवीत काय निघाले, म्हशीचे की आणखी कशाचे, हा प्रश्न त्यानंतरचा, आणि तोही विचारण्याचा अधिकार त्याला नाही. ‘अखेर ते म्हशीचेच निघाले’ असे सांगून मार खाणाऱ्याचा बचाव करणारे सज्जनही नकळत हा अधिकार मान्य करून बसतात.

ही घटना एकटी नाही. जानेवारी २०१६ मध्ये मध्य प्रदेशातील हरदा जिल्ह्यात, खिरकिया स्थानकावर, कुशीनगर एक्सप्रेसमध्ये शिरून गोरक्षक म्हणवणाऱ्यांनी प्रवाशांच्या पिशव्या तपासायला सुरुवात केली. एका मुसलमान दांपत्याने हरकत घेतली म्हणून त्यांना मारहाण झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये मंदसौर स्थानकावर दोन मुसलमान स्त्रियांना जमावाने बडवले; पोलीस तेथेच होते. मांस म्हशीचे निघाले, तरी परवाना नाही म्हणून कोठडीत रवानगी झाली ती मार खाणाऱ्यांची. २२ जून २०१७ रोजी दिल्लीहून ईदची खरेदी करून भावांबरोबर परतणाऱ्या एका किशोरवयीन मुलाला मथुरेकडे जाणाऱ्या गाडीत भोसकून ठार मारण्यात आले. वाद जागेवरून सुरू झाला होता. मग टोपी आणि दाढीवर आला, मग गोमांसावर, मग चाकूवर. असावटी स्थानकाच्या फलाटावर तो मुलगा रक्ताच्या थारोळ्यात पडला होता. नंतर वार्ताहर तेथे गेले, तेव्हा कोणी काहीच पाहिले नव्हते.

आणि ३१ जुलै २०२३. जयपूरहून मुंबईला येणारी गाडी पहाटे पालघरच्या परिसरात असताना रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने सरकारी बंदुकीने आधी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला आणि मग वेगवेगळ्या डब्यांतून फिरत तीन मुसलमान प्रवाशांना गोळ्या घातल्या. तपासात पुढे धर्माच्या नावाने वैर पसरवल्याचे कलमही लावण्यात आले, आणि शिपायाला दलातून बडतर्फ करण्यात आले. शिक्षेचा निर्णय न्यायालय करील. पण त्या पहाटे जे घडले त्याचा अर्थ लावण्यासाठी निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. आधीच्या घटनांत हात जमावाचे होते आणि राज्ययंत्रणा उभी राहून पाहत होती. येथे बंदूक यंत्रणेची होती. आणि पहिला बळी एक हिंदू सहायक उपनिरीक्षक होता, हेही विसरून चालणार नाही; द्वेषाचे विष पाजलेली बंदूक कोणाच्या दिशेने वळेल याची हमी तिचा मालकही देऊ शकत नाही.

विमानाने जाणाऱ्यांची कथा वेगळी असते, असे समजण्याचे कारण नाही. एप्रिल २००९ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर एका अमेरिकी विमान कंपनीने माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची अंगझडती घेतली. बातमी फुटल्यावर संसदेत गदारोळ झाला, कंपनीला माफी मागावी लागली. संताप योग्यच होता. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेने सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली, तेव्हाही भारतातील उदारमतवादी वृत्तपत्रांनी रकाने भरून निषेध केला. परंतु झडती माजी राष्ट्रपतींची झाली तर राष्ट्राचा अपमान आणि अनारक्षित डब्यातल्या म्हाताऱ्याची झाली तर ‘किरकोळ बाचाबाची’, हा न्याय कोणत्या वर्गाचा आहे हे वेगळे सांगायला नको.

मारहाणीच्या बातम्या होतात. ज्याची बातमी होत नाही तो भेदभाव अधिक पसरलेला आहे. लॉजच्या गल्ल्यावर ओळखपत्र पुढे करावे, व्यवस्थापकाने नाव वाचावे आणि फलकावर किल्ल्या लटकत असताना ‘खोली शिल्लक नाही’ म्हणून सांगावे. बुरखा घातलेल्या स्त्रीला पाहून रिक्षा पुढे निघून जावी. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असूनही लोकांनी उभे राहावे. १७ कोटींहून अधिक, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या सुमारे चौदा टक्के नागरिकांपैकी कोणी ना कोणी रोज हे सोसत असतो. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मधील आपल्या अहवालात हे नोंदवून ठेवले आहे की बुरख्यातील स्त्रियांना बाजारात, इस्पितळात, शाळेत आणि सार्वजनिक वाहनांतही उद्धट वागणूक मिळाल्याच्या तक्रारी समितीपुढे आल्या. तो अहवाल आला तेव्हा केंद्रात आजचे सत्ताधारी नव्हते, याचीही आठवण ठेवावी. जुलै २०२४ मध्ये मुझफ्फरनगरच्या पोलिसांनी कावडयात्रेच्या मार्गावरील ढाब्यांना मालकांची नावे ठळकपणे लावण्यास फर्मावले, तेव्हा तर पाण्याच्या त्या दोन मडक्यांचाच सरकारी पुनर्जन्म झाला. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै रोजी त्याला अंतरिम स्थगिती दिली. पण नाव वाचून भूक भागवावी ही शिकवण तोवर देऊन झाली होती.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा वाटू नये. १९०१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळकरी वयाचे असताना भावंडांबरोबर वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून गोरेगावला निघाले. मसूर स्थानकावर उतरल्यावर ही मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्याच्या बोलीवर, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असा सौदा ठरला. रात्रभर पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच टिपणांत १९३४ सालचा दौलताबादच्या किल्ल्यावरील प्रसंगही आहे. तेथील तळ्यावर हातपाय धुतल्याबद्दल त्यांच्या अस्पृश्य सहकाऱ्यांवर धावून आलेले लोक मुसलमान होते. हे लपवण्याचे कारण नाही. जातीचे जहर पिण्यात या देशात कोणताही धर्म मागे राहिलेला नाही. आणि मुसलमान प्रवाशाचा हक्क मागायचा तो मुसलमानांच्या पुण्याईचा दाखला देऊन नव्हे, नागरिकाचा हक्क म्हणून.

मात्र मसूरच्या त्या अनुभवातून देशाने एक धडा घेतला, आणि या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ते नुसते वचन राहू नये म्हणून १९५५ साली अस्पृश्यतेचा गुन्हा ठरवणारा कायदा आला. १९७६ साली तो कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. दुकान, उपाहारगृह, धर्मशाळा आणि सार्वजनिक वाहन यांत अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा त्याखाली शिक्षापात्र गुन्हा आहे. अंमलबजावणी कितीही लंगडी असो, दलित प्रवाशाच्या हाती निदान कलमाचा क्रमांक आहे. आता घटनेचे कलम १५(२) पाहावे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, रस्ते यांच्या वापरात आडकाठी होता कामा नये, असे ते सांगते, आणि सरकारला नव्हे तर खाजगी मालकालाही सांगते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ व्यापक करून सेवा पुरवणाऱ्या खाजगी संस्थांनाही त्यात आणले. परंतु धर्मावरून खोली नाकारणाऱ्या लॉजमालकाला कोणत्या कायद्याखाली, कोणत्या अधिकाऱ्यापुढे उभे करायचे? तसा कायदाच संसदेने केलेला नाही. फिर्याद द्यायला गेलेल्या माणसाला ठाणे अंमलदार घटनेचे पुस्तक दाखवून परत पाठवू शकतो. सच्चर समितीने समान संधी आयोगाची शिफारस केली होती. त्याचा मसुदा झाला, चर्चा झाल्या, २०१४ च्या निवडणुकीच्या तोंडावर मंत्रिमंडळाची मंजुरीही झाली, आणि आयोग कागदावरच राहिला.

तेव्हा पहिली मागणी उघड आहे. कलम १५(२) ला दात देणारा, धर्म, जात, लिंग, वंश, भाषा वा जन्मस्थान यांवरून वाहन, निवास आणि अन्न नाकारण्याला दंडनीय ठरवणारा केंद्रीय कायदा झाला पाहिजे. त्यात वाहतूक कंपनी, हॉटेलमालक आणि मोबाइलवरून गाड्या पुरवणाऱ्या कंपन्या हे सर्व आले पाहिजेत. परवाना देताना ही अट घालणे नगरपालिकांना आणि राज्य सरकारांना तर आजही शक्य आहे. त्यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट रेल्वेची. रेल्वे प्रशासन अशा प्रत्येक घटनेनंतर ती जणू दोन प्रवाशांमधील खाजगी भांडण असावे अशा थाटात हात झटकते. कायदा तसे म्हणत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १२३ व्या कलमात ‘अनिष्ट घटना’ या शब्दाची व्याख्या आहे. प्रवासी गाडीत कोणी केलेला हिंसक हल्ला, दरोडा, दंगल, गोळीबार हे सर्व तीत येते. आणि कलम १२४-अ प्रमाणे, रेल्वेची चूक असो वा नसो, वैध तिकिटाच्या प्रवाशाला किंवा त्याच्या वारसांना भरपाई देणे तिच्यावर बंधनकारक आहे. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख रुपये आहे. ती रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे मागायची असते. हे किती पीडितांना ठाऊक असते? किती वकील, किती कामगार संघटना त्यांना ते सांगतात? पैशाने माणूस परत येत नाही, हे खरे. पण हल्ल्याची किंमत जोवर रेल्वेच्या जमाखर्चात येत नाही तोवर डब्यात पहारेकरी वाढत नाहीत, हेही तितकेच खरे.

येथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: ही तर बसायच्या जागेची भांडणे, त्यांना धर्माचा रंग कशाला? युक्तिवादात अर्धे सत्य आहे आणि ते अर्धे सत्य महत्त्वाचे आहे. अनारक्षित डब्यात माणसे शौचालयाच्या दाराशी अंग चोरून रात्र काढतात, आणि वातानुकूलित, चकचकीत गाड्यांचे हिरवे झेंडे मात्र समारंभपूर्वक हलवले जातात. ज्याला बूड टेकायला जागा नाही त्याच्या मनात राग साचणारच. प्रश्न असा आहे की हा राग जागा न देणाऱ्या धोरणाकडे जाण्याऐवजी शेजारच्या दाढीकडे कोण वळवतो. ते वळवणारे लोक डब्यात नसतात. ते सभा गाजवतात, दूरदर्शनच्या पडद्यावर रोज रात्री ओरडतात आणि निवडणुका जिंकतात. म्हणून साध्या डब्यांची संख्या वाढवण्याची मागणी ही धर्मनिरपेक्षतेच्या लढ्याबाहेरची नाही, आणि धर्मनिरपेक्षतेचा लढा डब्यातल्या गर्दीबाहेरचा नाही.

पोलिसांविषयी थोडक्यात. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावहिंसेबाबत प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा जबाबदार अधिकारी नेमावा, खटले जलदगतीने चालवावेत, पीडितांना भरपाई द्यावी आणि कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असे आदेश दिले. संसदेला स्वतंत्र कायद्याची शिफारस केली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, समुदाय, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा अशा कारणांवरून केलेल्या खुनासाठी कलम १०३(२) घातले गेले. यादी लांब आहे. ‘धर्म’ हा शब्द मात्र तीत नाही! विसरला असेल, असे समजण्याइतके भोळे कोणी राहिलेले नाही. धावत्या गाडीतील गुन्ह्याला तर हद्दीचे निमित्त हमखास सापडते: सुरक्षा दल केंद्राचे, रेल्वे पोलीस राज्याचे, गुन्हा एका जिल्ह्यात, फिर्याद दुसऱ्यात. नव्या प्रक्रिया संहितेच्या १७३ व्या कलमाने कोणत्याही ठाण्यात, हद्द न पाहता, फिर्याद नोंदवणे बंधनकारक केले आहे. ही तरतूद तोंडपाठ असली पाहिजे.

आणि अखेर तो डबा. प्रत्येक घटनेत चार-सहा हल्लेखोर असतात आणि साठ-सत्तर जण पाहणारे. हे साठ-सत्तर जण द्वेष्टे नसतात. ते घाबरलेले असतात, दमलेले असतात, आणि मुख्य म्हणजे एकेकटे असतात. जून २०२३ मध्ये उत्तर प्रदेश परिवहनाच्या बरेली आगारातील एका तरुण कंत्राटी वाहकाने दोन मुसलमान प्रवाशांना नमाज पढता यावा म्हणून बस काही मिनिटे थांबवली. वाहक हिंदू होता. लघुशंकेला, चहाला बस थांबते. हिच्यासाठीही थांबली, एवढेच. त्याची नोकरी गेली. कंत्राटी असल्याने दाद मागायलाही फारशी जागा नव्हती. ऑगस्टमध्ये त्याने जीवनाचा शेवट केला. त्याच्या बाजूने वेळीच जी संघटित शक्ती उभी राहायला हवी होती ती कोठे होती, हा प्रश्न सत्ताधाऱ्यांना विचारण्याआधी श्रमिक चळवळीने स्वतःला विचारला पाहिजे. १९७४ च्या मे महिन्यात सुमारे सतरा लाख रेल्वे कामगार वीस दिवस संपावर होते; तेव्हा इंजिनवर कोण, सिग्नलवर कोण आणि कोणाची जात-धर्म काय, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. त्याच कामगारांच्या संघटना आज तिकीट तपासनिसाला, गार्डाला, वाहकाला एवढा भरवसा देऊ शकत नसतील की ‘प्रवाशाच्या बाजूने उभा राहा, तुझ्यामागे युनियन आहे’, तर ठरावांचे कागद वाया गेले.

सुरत, बडोदे, इंदूर, भोपाळ, हैदराबाद, दिल्ली येथे राहणारे मराठी कार्यकर्ते सणासुदीला, अधिवेशनाला, मोर्चाला याच गाड्यांनी जातात. अनेकदा गटाने जातात. ज्या डब्यात पाच-सात जण एकत्र आहेत त्या डब्यात साठ-सत्तर जण एकेकटे राहत नाहीत. कोणी कोणाची पिशवी उघडू लागला तर सर्वांनी उठून मध्ये उभे राहायचे आहे. साखळी ओढल्यास दंड होतो ही भीती अनाठायी आहे: रेल्वे कायद्याचे १४१ वे कलम वाजवी व पुरेशा कारणावाचून साखळी ओढण्याला दंड सांगते, आणि माणसाला मारहाण होत असणे याहून वाजवी कारण दुसरे नाही. १३९ या क्रमांकावर डब्याचा क्रमांक व पुढील स्थानक कळवायचे आहे. मार खाणाऱ्याबरोबर त्या स्थानकावर उतरून फिर्यादीवर साक्षीदार म्हणून सही करायची आहे, आणि कोणती कलमे लावली ते ठाण्यातून बाहेर पडण्यापूर्वी वाचून पाहायचे आहे. गाडी चुकेल. त्यानंतरची येतेच.